लाल गणवेशाचा वर्ग

‘ट्रेल्स ऑफ कोल्ड स्टील’ या जपानी गेममधल्या थॉर्स मिलिटरी अकॅडमीत तीन रंगांचे गणवेश आहेत. सरदार-जहागीरदारांच्या मुलांना पांढरा, बाकी सगळ्यांना हिरवा. पांढऱ्यांचं वसतिगृह वेगळं, तिथे नोकरचाकर. हिरव्यांचं वेगळं, तिथे आपलं काम आपण करायचं. तुकड्याही वेगळ्या. आणि या वर्षी शाळेनं पहिल्यांदाच तिसरा रंग काढलाय, लाल. तो फक्त नऊ मुलामुलींना मिळालाय. त्यात सरदारांची मुलं आहेत, साध्या घरची आहेत, एक जण तर दूरच्या पठारावरून आलेला भटक्या जमातीतला आहे. या नऊ जणांची सातवी तुकडी.

मी सैनिकी शाळेत शिकतो. त्यामुळे इतर मुलं गेममध्ये तलवारी आणि राक्षस बघतात तेव्हा मी गणवेश, बूट आणि वसतिगृह बघत होतो. माझे पहिले १३ तास असेच गेले आणि हा लेख त्या १३ तासांचाच आहे. पुढची गोष्ट मला माहीत नाही, त्यामुळे शेवट फुटेल अशी भीती कुणी बाळगू नये.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रोल प्लेइंग गेममध्ये आपण एक पात्र होतो, तीन-चार सोबती घेऊन गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, त्यांची कामं करतो, लढतो आणि हळूहळू ताकदवान होतो. जपानी गेम दिसायला ॲनिमेसारखे असतात. मोठे डोळे, निळे-लाल-पिवळे केस. (या केसांकडे बघून आमच्या शाळेत येणाऱ्या न्हावीकाकांना काय वाटेल, याचा विचार मी बराच वेळ केला.) हा गेम निहोन फाल्कॉम या कंपनीचा. ती १९८१ साली टोकियोजवळ सुरू झाली. ‘ट्रेल्स’ ही तिची मालिका २००४ पासून चालू आहे. त्यातला हा भाग जपानमध्ये २०१३ साली आला आणि कॉम्प्युटरवर २०१७ साली. म्हणजे गेम तसा जुना आहे, नवा आहे तो मला. शाळेत फोन नसतो, लॅपटॉप नसतो, त्यामुळे जगात जे जुनं झालेलं असतं ते आम्हाला सुट्टीत नवं मिळतं.

दिवाळीत माझा चुलतभाऊ कोल्हापूरहून लखनौला आमच्या क्वार्टरवर आला होता. तो इंजिनिअरिंगला आहे आणि लॅपटॉप त्याचाच. आईनं नियम घातला, संध्याकाळी दिवा लावून झाला की दीड तास, त्यावर मिनिट नाही. दादानं तिच्याशी वाद घालून पाहिला. माझ्या आईशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. म्हणून नऊ दिवसांत १३ तास. गेममध्ये एक टर्बोची सोय आहे, ती चालू केली की चालणं आणि लढाया भराभर होतात. ती नसती तर मी अजून शाळेच्या फाटकातच असतो.

गेम सुरू होतो तो थेट लढाईत. एका मोठ्या लष्करी किल्ल्यावर हल्ला झालाय, रेल्वेवर बसवलेल्या राक्षसी तोफा शत्रूच्या ताब्यात गेल्यात आणि लाल गणवेशातली ही मुलं धावत निघालीत तोफा थांबवायला. आपल्याला काही कळायच्या आत हातात तलवार येते. मग पडदा काळा होतो आणि गोष्ट पाच महिने मागे जाते, शाळेच्या पहिल्या दिवसावर. दादाला ही सुरुवात फार आवडते. मला ती पाहताना थोडं विचित्र वाटलं, कारण त्याच दिवशी सकाळी बाबा आम्हा दोघांना रेसिडेन्सी दाखवायला घेऊन गेले होते.

लखनौला राहणाऱ्यांनी रेसिडेन्सी पाहिलेली असते. १८५७ च्या जूनअखेरीस तिला वेढा पडला आणि नोव्हेंबरपर्यंत चालला. भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा अजून आहेत. वेढ्यात आत अडकलेल्यांत ला मार्टिनियर शाळेचे विद्यार्थीही होते, माझ्याएवढी आणि माझ्याहून लहान मुलं. त्या लढाईचा मान म्हणून शाळेला पुढे युद्धसन्मान मिळाला. पण त्या मुलांनी आत केलं काय? मोठ्या मुलांच्या हाती बंदुका आल्या. बाकीच्यांनी निरोप पोचवले, धान्य दळलं आणि इस्पितळात जखमींना वारा घातला. बाबा आर्मी मेडिकल कोअरमध्ये हवालदार आहेत, नर्सिंग असिस्टंट. जिथे तेव्हा इस्पितळ होतं त्या पडक्या मेजवानीच्या दालनात ते बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, “वारा घालणं हेपण नर्सिंगच की.” दादाला ते पटलं नाही. मला पटलं. गेममधल्या मुलांना कुणी दळायला बसवत नाही.

आणखी एक गोष्ट तिथे डोक्यात आली. ती मुलं आत होती, म्हणजे इंग्रजांकडून. बाहेर बेगम हजरत महल यांचे शिपाई होते. आत माझ्या वयाची मुलं आणि बाहेर माझ्या देशाची माणसं. जिंकावं कुणी, हे मला त्या उन्हात उभं राहून ठरवता येईना. गेममध्ये निदान पहिल्या पाच मिनिटांत तरी हा प्रश्न पडत नाही. पुढे पडतो.

पहिला दिवस मात्र त्यांनी झकास लिहिलाय. प्राचार्य व्हॅन्डिक आडदांड उंचीचे आहेत, कुठल्याही सैनिकी शाळेत शोभतील असे. ते शाळा स्थापन करणाऱ्या सम्राटाचं एक वचन सांगतात आणि अर्थ तुम्हीच शोधा म्हणून खाली बसतात. मग सारा नावाच्या बाई लाल गणवेशवाल्यांना एका जुन्या इमारतीत नेतात, चार शब्द बोलतात आणि एक कळ दाबतात. जमीनच तिरपी होते आणि सगळे घसरत तळघरात. फी नावाची एक मुलगी, गेममध्ये १५ वर्षांची, म्हणजे माझ्याच वयाची, चपळाईनं वर दोरी अडकवून लटकते. बाई सुरी फेकतात आणि दोरी कापतात. आमच्या पहिल्या दिवशी आम्हाला फक्त ट्रंक डोक्यावर घेऊन पळायला लावलं होतं. मला आता ते सौम्य वाटतं.

तळघरातून बाहेर पडायची वाट राक्षसांतून जाते, म्हणून इथेच लढाई शिकवतात. लढाई पाळीपाळीनं असते. पडद्याच्या कडेला चेहऱ्यांची रांग दिसते, कुणानंतर कुणाची पाळी ते त्यात कळतं. ती रांग बघून डाव आखायचा. कुणाची पाळी मागे ढकलायची, कुणाला मध्येच घुसवायचं. यात मला बुद्धिबळासारखी मजा आली. खरी गंमत जोडीची आहे. दोन-दोन मुलांची जोडी लावायची. एकानं वार केला आणि शत्रूचा तोल गेला की जोडीदार लगेच पुढचा वार करतो. जोडी जितकी जास्त एकत्र लढते आणि लढाईबाहेर बोलते, तितकी ती पक्की होते. भांडलेल्यांची जोडी कशी लागणार, हा प्रश्न तिथेच येतो. बाबांनी एकदा मागे उभं राहून दोन लढाया पाहिल्या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, “यांना सॅल्यूट कोण शिकवतं?” आणि “यात औषधवाला कोण?” औषधवाला म्हणजे एलियट, बारीक, घाबरट, संगीतवेडा मुलगा. तो मागे उभा राहतो आणि सगळ्यांना बरं करतो. बाबांना तो लगेच आवडला.

शाळा म्हणून काही गोष्टी साफ खोट्या आहेत. पहाटे कुणी उठत नाही. पीटी नाही, फॉल-इन नाही, मेसमध्ये रांग नाही. संध्याकाळी सारा बाई बिअर पितात. मुलं तलवार आणि शॉटगन घेऊन गावातून फिरतात आणि दुकानदार त्यांना ब्रेड विकतात. बोलणं अतोनात आहे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं तरी कुणीतरी आपली कहाणी सांगायला उभं. सगळी वाक्यं ऐकू येत नाहीत, बरीच वाचावी लागतात, आणि इंग्रजी माध्यमात शिकूनसुद्धा मला दोन-तीन ठिकाणी दादाला विचारावं लागलं.

पण रविवार खरा आहे. आमच्यासारखाच त्यांनाही रविवार मोकळा. तेव्हा कुणाकुणासोबत वेळ घालवायचा ते आपण ठरवायचं, पण संधी मोजक्याच. एकाशी बोलायला गेलो की दुसऱ्याची वेळ गेली. दादा सांगत होता की बरेच जण आधी कुठेतरी वाचून ठेवतात, कुणाशी बोललं की फायदा जास्त. मला ते जमलं नाही. मी पहिल्या रविवारी एलियटकडे गेलो, कारण तो नव्या जागी सर्वात जास्त बावरलेला होता. आमच्या डॉर्मिटरीत सहावीची मुलं येतात तेव्हा मोकळ्या वेळी कुणाच्या पलंगावर जाऊन बसायचं, हा प्रश्न काहीसा असाच असतो, फक्त तिथे गुण मिळत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येतो. तळघरातच मॅकियास नावाचा चष्मेवाला मुलगा सगळ्यांना विचारत सुटतो, तू सरदार का? त्याला सरदारांचा मनापासून राग आहे. (तो स्वतः काही गरीब नाही, त्याचे वडील राजधानीचे गव्हर्नर आहेत, पण घराणं साधं.) समोर जूसिस आहे, एका मोठ्या ड्यूकचा मुलगा, नाक वर. दोघांचं पहिल्याच मिनिटाला वाजतं. मग मॅकियास आपल्याला, म्हणजे रीनला, विचारतो. रीन सांगतो की माझ्या अंगात सरदाराचं रक्त नाही. हे खरं आहे. पण तो वाढलाय एका बॅरनच्या घरात, दत्तक म्हणून, आणि ते तो तिथे सांगत नाही.

हे वाक्य आलं तेव्हा मी गेम थांबवला. दादानं विचारलं, अडकलास का? अडकलो नव्हतो. आमच्याकडेही पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न फिरतो. “तेरे पापा क्या करते हैं?” शेतकऱ्यांची मुलं असतात, शिक्षकांची असतात, दुकानदारांची असतात आणि फौजेतल्यांची तर असतातच. फौजेतली मुलं बहुतेक “फौज में हैं” एवढंच म्हणतात. मीही तेच म्हणतो. पूर्ण खरं उत्तर आहे. कुणी पुढे “किस रँक में?” असं विचारलं तर सांगतो. पण कुणी विचारत नाही. न विचारण्याची एक पद्धतच पडून गेलीय.

माझ्या शेजारच्या पलंगावरच्या मित्राचे वडील कर्नल आहेत. मला हे सहावीपासून माहीत आहे, त्याला माझंही माहीत आहे. चार वर्षांत आम्ही यावर एकदाही बोललो नव्हतो. दिवाळीच्या सुट्टीला निघताना फाटकाजवळ दोघं आपापल्या ट्रंका घेऊन उभे होतो. बाबा ड्यूटीवरून थेट आले होते, गणवेशात, स्कूटरवर. त्याच वेळी त्याचे वडील गाडीतून उतरले, तेही गणवेशात. बाबांनी टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. कर्नल साहेबांनी परत केला. यात वावगं काहीच नव्हतं, असंच व्हायला हवं, आम्ही दोघंही ड्रिलमध्ये हेच शिकतो. पण आम्ही दोघं नेमके मध्ये उभे होतो आणि आमच्या दोघांच्या छातीवर एकच शाळेचं नाव होतं. तो आपल्या बुटांकडे बघू लागला. मी ट्रंकेची कडी नीट केली, ती आधीच नीट होती. मग त्याच्या वडिलांनी बाबांशी दोन शब्द हिंदीत बोलून माझी पाठ थोपटली आणि ते गेले. स्कूटरवर बसल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “त्या पोराचं पॉलिश बघितलंस का? तोंड दिसत होतं.”

या गोष्टीला इतिहास आहे. तो मला वाचनालयात सापडला आणि गेममुळे कळला. इंग्रजांच्या काळात खरोखरच दोन रंग होते. १९२२ साली देहरादूनला एक लष्करी महाविद्यालय निघालं, हिंदी मुलांना सँडहर्स्टसाठी, म्हणजे अधिकारी होण्यासाठी तयार करणारं. आणि शिपायांच्या मुलांसाठी किंग जॉर्ज यांच्या नावाच्या वेगळ्या शाळा निघाल्या. जालंधर, झेलम, मग अजमेर. १९४५ साली आमच्याकडे बेळगावला. आमचं गाव चंदगड तालुक्यात, तिथून बेळगाव जवळ. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते, त्यामुळे बेळगावचं नाव आमच्या घरात देवाच्या नावासारखं घेतात. एकाच फौजेतल्या बापांची मुलं, पण शाळा दोन. स्वातंत्र्यानंतर त्या शाळांची दारं सगळ्यांना उघडली.

आणि मग आपल्या शाळा आल्या. १९६० साली लखनौला देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली, उत्तर प्रदेश सरकारची. १९६१ मध्ये केंद्राच्या सैनिक शाळा निघू लागल्या, त्यात आपल्या महाराष्ट्रातली साताऱ्याची. अधिकारी ठरावीक घरांतून आणि ठरावीक प्रांतांतूनच येतात, हा असमतोल घालवायचा, असं उद्दिष्टातच लिहिलेलं आहे. म्हणजे लाल गणवेश. फाल्कॉमच्या लोकांनी २०१३ मध्ये जी कल्पना गोष्टीत घातली ती लखनौमध्ये पन्नासहून जास्त वर्षं चालू होती. कॅप्टन मनोजकुमार पांडे याच शाळेतून गेले. ३ जुलै १९९९ ला कारगिलमध्ये खालूबारला ते शहीद झाले, वय २४. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं आणि आता शाळेला त्यांचं नाव आहे. त्यांच्या घरी कुणी सरदार नव्हतं. २०१८ साली मुलींना प्रवेश देणारी पहिली सैनिक शाळाही हीच. गेममध्ये लॉरा नावाची मुलगी स्वतःएवढी तलवार फिरवते तेव्हा दादा हसला. त्याला मी सांगितलं, ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून एनडीएच्या १७ मुली पास होऊन बाहेर पडल्या. तो गप्प झाला. लॉराची तलवार मात्र खरंच जास्तच मोठी आहे.

गेमचा पहिला मोठा भाग म्हणजे सेल्डिकचा दौरा. दर महिन्याला सातव्या तुकडीचे दोन गट करून त्यांना देशाच्या वेगवेगळ्या भागांत पाठवतात. तिथे राहायचं, लोकांची कामं करायची आणि रात्री बसून अहवाल लिहायचा. (अहवाल लिहायचा कंटाळा करणारी मुलं त्या साम्राज्यातही आहेत हे बघून बरं वाटलं.) सेल्डिक हे धान्याचं गाव, मोठा बाजार भरतो. कामं साधी आहेत, रस्त्यावरचा दिवा बदला, कुणाला सामान आणून द्या. आणि मग बाजारात दोन व्यापारी एकमेकांच्या अंगावर धावून जातात, कारण एकाच जागेचा परवाना दोघांनाही मिळालाय. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचीही दुकानं मोडलेली, माल चोरीला. ड्यूकचे सैनिक येतात आणि चौकशी न करता दोघांनाच अटकेची धमकी देतात.

कारण काय, तर ड्यूकनं विक्रीकर खूप वाढवलाय, बाजाराच्या प्रमुखानं त्याविरुद्ध अर्ज केलाय, आणि अर्ज मागे घेईपर्यंत सैनिक बाजाराच्या भानगडीत पडणार नाहीत. हे ऐकल्यावर मला राग आला, खराखुरा. गणवेश घातलेला माणूस असं कसं करेल? आपले चार जण चोरांच्या मागावर जंगलात जातात, चोर पकडतात, एका अवाढव्य माकडाशी लढतात (मी दोनदा हरलो), आणि शेवटी ड्यूकचे सैनिक येऊन चोरांना सोडून या मुलांनाच घेरतात. केंद्राच्या रेल्वे पोलिसांची एक कॅप्टन वेळेवर येते म्हणून सुटका होते. चोरी सुटते, पण कर कमी करणं त्या चौघांच्या हातात नाही.

तेव्हा मला रेसिडेन्सीचं ऊन आठवलं. कुणाचं ऐकायचं हा प्रश्न इथे आला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो ड्यूक जूसिसचा बाप आहे. ज्यानं आपल्याला घेरायला शिपाई पाठवले त्याचा मुलगा आपल्याच वर्गात आहे, लाल गणवेशात, आणि उद्या जेवायला शेजारी बसणार आहे. गेम बनवणाऱ्यांनी इथे एक गोष्ट बरोबर ओळखली आहे असं मला वाटतं. गणवेश एक केला म्हणून बाप एक होत नाहीत. बाप सुट्टीत फाटकाशी येतातच.

सेल्डिकहून परतताना आगगाडीत रीन आपल्या घराबद्दल सांगतो. गटातले सगळे समजून घेतात. मॅकियास त्या गटात नव्हता. त्याला नंतर कळतं आणि तो भडकतो, रीनशी बोलणं टाकतो. मला मॅकियास आवडत नाही, पण तो जोरात भांडतो हे आवडतं. ती नऊ मुलं सरदार, साधे, हिरवा, पांढरा यावर रोज तोंडावर बोलतात, भांडतात. आम्ही चांगले वागतो, आणि बोलत नाही. यातलं बरं कुठलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी थांबलो ते दुसऱ्या दौऱ्याची यादी लागली तिथे. सारा बाईंनी मॅकियास आणि जूसिसला पुन्हा एकाच गटात घातलंय, रीनसोबत, आणि पाठवलंय कुठे तर बॅरियाहार्डला, जूसिसच्या बापाच्या शहरात. यादी वाचून दोघंही बाईंवर ओरडतात. दुसऱ्या दिवशी दादाची गाडी होती.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या शनिवारी संध्याकाळी आम्ही बूट पॉलिश करत बसलो होतो तेव्हा मित्रानं विचारलं, सुट्टीत काय केलंस? मी गेम सांगायला सुरुवात केली. तीन रंग सांगितले, तळघर सांगितलं, मॅकियासचा प्रश्न सांगितला. त्यावर त्याचा ब्रश थांबला. थोड्या वेळानं तो हिंदीत म्हणाला, “त्या दिवशी गाडीत बसल्यावर पापा मला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, सॅल्यूट बघितलास का? असा करता आला पाहिजे. घरी पोचेपर्यंत तेच.”

मी त्याला पॉलिशबद्दल बाबा काय म्हणाले ते सांगितलं. तो इतका हसला की डबी कलंडली.

“और वो दोनों?” त्यानं विचारलं. “ट्रेन में क्या हुआ?”

मला माहीत नव्हतं. त्याचं म्हणणं पडलं की दोघं अख्खा प्रवास भांडणार आणि स्टेशन आल्यावर जूसिस गप्प होणार, कारण समोर त्याचा बाप उभा असेल. मी म्हणालो, बाप येणारच नाही, कुणीतरी नोकर पाठवेल. यावर आमची एक चॉकलेटची पैज लागली आहे. निकाल उन्हाळ्यात, दादा येईल तेव्हा.